मागच्या दाढा कोण बघतं?

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
२० फेब्रुवारी १९९४

चि. सौ. मंजुळास,

तुझ्या सरूताईचे भिलाईपर्यंत पुरतील एवढे आशीर्वाद. नाथरावांचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि मुलांच्या परीक्षांनी तुझा जीव अजून पुरता खाल्ला नसेल, असं धरून लिहिते. माझी प्रकृती तोंड सोडून उत्तम आहे. तोंड म्हणजे माझं बोलणं नव्हे. (बोलायला कोणी नसल्यामुळे ते हल्ली बरंच सुधारलंय.) मी दातांना तार लावून घेतली आहे. आता पत्र बाजूला ठेव, पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच.

हो, बेचाळिसाव्या वर्षी. आपल्या घराण्याचे खालचे दात तुला ठाऊकच आहेत, रेशनच्या रांगेतल्यासारखे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावणारे. त्यांच्या फटींत अडकलेलं निघेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा वर्तकनगरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की दात सरळ करून घ्या, म्हणजे ते नीट घासता तरी येतील, नाहीतर पन्नाशीत कवळी. कवळीची मला भीती नाही गं. पण रात्री ती पेल्यात ठेवायची आणि सकाळी उठल्यावर घरात हसणारं तेवढंच कोणी दिसायचं, हे काही मला झेपलं नसतं. शाळेत मात्र हे कारण एकीलाही पटलेलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून दार लावून घेतलं आणि "सरस्वतीबाई, आमच्यापासून लपवू नका हो, स्थळ कुठलं?" असं विचारलं. आणि दवाखान्यात पहिल्या दिवशी सगळी बाकं शाळकरी मुलांनी आणि त्यांच्या आयांनी भरलेली. टेबलावरच्या मुलीने माझ्या मागे, बाजूला आणि जरा खालीही बघून विचारलं, "पेशंट अजून शाळेतून आला नाही का?" मी म्हटलं, आलाय, पण तो तिथे शिकवतो.

हे दात सांभाळणं म्हणजे घरात तान्हं मूल असण्यासारखं आहे. काहीही खाल्लं की घासायचे. ब्रश तिरका धरून आधी तारेच्या वर, मग तारेच्या खाली, मग तारेच्या आतून एक इवलासा ब्रश फिरवायचा. (बाटल्या धुवायच्या ब्रशला पिल्लू झालं तर कसं दिसेल, तसा.) तार गालाला टोचली तर तिच्यावर मेणाची गोळी बसवायची. चिक्की, पेरू, ऊस, कणीस सगळं बंद. संक्रांतीचा तिळगूळ मी कपात कुस्करून चमच्याने खाल्ला. गोड बोलणं राहिलंच, मला धड बोलताही येत नव्हतं. आठवीच्या वर्गात शुद्धलेखन घातलं तर 'शेषशायी'चं 'सेससायी' झालं आणि अख्ख्या वर्गाने तसंच लिहिलं. मुलींचं काय चुकलं? ऐकलं तेच लिहिलं. सगळ्यांना पैकीच्या पैकी द्यावे लागले. वरून डॉक्टरीणबाईंनी मला एक लाल गोळीही दिलीय. ती चघळली की जिथे घाण राहिली असेल तिथे दात लालभडक दिसतात. ती तोंडात असतानाच महिपत दूधवाल्याने बेल वाजवली. मी दार उघडून आपली सवयीने हसले. तेव्हापासून तो पिशवी खालच्या पायरीवर ठेवतो आणि तिथूनच ओरडतो.

हे सगळं मी निभावून नेत होते. खरी अडचण वेगळीच आली. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मागच्या दाढा स्वतःला नीट दिसत नाहीत, तेव्हा रोज संध्याकाळी घरातल्या कोणीतरी टॉर्च मारून त्या बघायच्या. पुढे सहज विचारलं, "घरी कोण बघेल?" बाजूच्या खुर्चीवर एका मुलीची आई बसली होती, मुलीचं दप्तर मांडीवर घेऊन. माझ्या तोंडातून निघून गेलं, "बहीण आहे ना." बरं, ते खोटंही नाही. तू आहेसच. कुठे आहेस ते त्यांनी विचारलं नाही.

घरी येऊन मी प्रयोग केले. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात टॉर्च, गाल ओढायला हातच उरला नाही. आरसा नळावर टेकवला तर तो मोरीत पडून फुटला. शेवटी टॉर्च घेऊन खाली आवडाबाईंकडे गेले. आवडाबाई म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. ही इमारत त्यांच्याच भातशेतावर उभी आहे. नवरा गेला, लेक केशर आंबिवलीला दिली, आणि त्या तळमजल्यावर एकट्याच राहतात. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पदर खोचला, माझी हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे वळवलं आणि म्हणाल्या, "आ कर गो मास्तरीन. आजून मोठा. अगो, वर्गान वरडतंस तवा कसा उगडतं!" मग एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं आणि निकाल दिला, "सगला बेस हाय. दुदासारका पांडरा."

मंजू, तुला हसू येईल, पण आई गेल्यापासून माझ्या हनुवटीला कोणी हात लावला नव्हता. मी आ करून बसले होते आणि मला काही केल्या तोंड मिटावंसं वाटेना.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माझी तपासणी. तपासणी झाली की आवडाबाई ताटली पुढे करायच्या. कधी तांदळाची भाकरी नि सुकट, कधी रव्याचा लाडू, कधी गूळ-खोबरं. आता नुकते स्वच्छ ठरलेले दात घेऊन हे खायचं म्हणजे पुन्हा वर जाऊन सगळे ब्रश चालवायला हवेत. पण वर गेलं की गप्पा मोडतात आणि खाली पुन्हा यायला काही निमित्त उरत नाही. म्हणून मी लाडू खायची, चूळ भरायची आणि बसून राहायची. त्यांच्या शेतात पूर्वी खाडीचं पाणी कसं शिरायचं, केशरच्या लग्नात बँडवाले जेवून न वाजवताच कसे पळाले, हे मला आता तोंडपाठ आहे. मग तशीच जाऊन झोपायची. (मुलींना आरोग्यशास्त्र मीच शिकवते. तू कुठे बोलू नकोस.)

जानेवारीत तार घट्ट करायला गेले तर डॉक्टरीणबाईंचा चेहराच उतरला. हिरड्या सुजलेल्या, दाढांवर थर, आणि तारेच्या कडेने दातांवर पांढुरके डाग धरायला सुरुवात. त्या म्हणाल्या की असंच राहिलं तर तार काढून टाकावी लागेल, वाकडे पण शाबूत दात बरे. आणि मग वळल्या तुझ्याकडे. "तुमची बहीण बघते ना रोज? काय बघते? हा निव्वळ निष्काळजीपणा आहे!" मला खरं सांगता आलं असतं. त्याऐवजी मी चिडले. म्हटलं, तिच्यामागे संसार आहे, दोन मुलं आहेत, नवऱ्याचा गुडघा आहे, ती तरी किती ठिकाणी बघणार? त्याही हट्टी. म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. मीच बोलते." तुझ्यासाठी एवढी भांडून मी बाहेर पडले आणि बसस्टॉपवर उभी असताना लक्षात आलं की आता मी तुझ्याशीच भांडतेय. मनात नव्हे, चांगली मोठ्याने. दिवाळीला नुसतं छापील कार्ड पाठवलंस, गणपतीत येते म्हणालीस नि आली नाहीस, आणि दाढा बघायच्या तेवढ्या राहिल्या, असं सगळं. शेजारच्या गृहस्थांनी बस आली नव्हती तरी रांग सोडली.

त्याच संध्याकाळी मी मुद्दाम मेथीचं एक पान समोरच्या दातावर तसंच ठेवून खाली गेले. आवडाबाईंनी टॉर्च मारली, डोळा मिटला आणि म्हणाल्या, "दुदासारका." मी टॉर्च विझवली. मग त्यांना भिंतीवरच्या कालनिर्णयातली तारीख विचारली, तर म्हणाल्या, "त्या कॅलेंडरवर कुट हाय तारीक?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि लेकीला काळजी नको म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस गप्प राहिले. खरं सांगते, दोन्ही दिवस खाली जाऊन आ केलं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्टोव्हजवळ पदर कुठे गेलाय ते न बघता काडी ओढली, तेव्हा मी तशीच वाण्याकडे जाऊन आंबिवलीला फोन लावला. केशर दुसऱ्याच दिवशी आली आणि आईला घेऊन गेली. जाताना आवडाबाई माझ्यावर रुसल्या होत्या. रिक्षात बसल्या तरी बोलेनात. मग हात बाहेर काढून माझी हनुवटी चाचपली आणि म्हणाल्या, "जेव नीट. मंग घास."

एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. परवा आंबिवलीला भेटून आले. मला बघून आधी ओळखच पटेना; म्हणाल्या, तू एवडी बारीक हायेस ते मना म्हाईतच नवता. केशर आता त्यांना एकटं सोडायला तयार नाही. खालच्या खोलीला कुलूप आहे. माझ्या हिरड्यांची सूज मात्र पुष्कळ उतरली. उतरेल नाही तर काय! लाडू नाही, गप्पा नाहीत, जेवण झालं की मी आणि ब्रशाचं पिल्लू. दातांवरची गोळीची लाली आता दोन-चार ठिपक्यांवर आलीय.

तेव्हा काळजीचं काही कारण नाही. नाथरावांना नमस्कार, मुलांना पापे (तार न टोचणारे).

तुझी
सरूताई

ता. क. १ : तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा, मला कळतं.

ता. क. २ : पुढची तपासणी बारा मार्चला, शनिवारी, दुपारी चारला आहे. हे नुसतं माहितीसाठी.

ता. क. ३ : येणं जमणार नसेल तर दोन ओळी लिहून पाठव, 'यापुढे ताईच्या दाढा मी नीट बघेन' अशा. खाली सही कर. डॉक्टरीणबाईंना तेवढ्यानेही चालेल असं वाटतं.

ता. क. ४ : त्या ओळी दवाखान्याच्या पत्त्यावर नको, माझ्याच पत्त्यावर पाठव. पत्र कितीही मोठं झालं तरी हरकत नाही. डॉक्टरांच्या दोन ओळी मी कापून नेईन.