घरातले कान शोधताना

रवि. १ फेब्रु. ९८, स. ९-१०
कँट स्टेशन. हातात पाटी धरून उभा : वाई, सहस्रबुद्धे, ७ जण. गाडी येऊन वीस मिनिटं झाली. सातही जण माझ्यासमोरून गेले, पुढे लल्लन. पलीकडच्या उपाध्यांचा माणूस. त्याने म्हाताऱ्यांना त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं ओळीने म्हणून दाखवली, म्हातारे डोळे पुसत त्याच्यामागे. त्यांच्या पणजोबांची सही आमच्या, तीर्थोपाध्यांच्या वहीत आहे. ज्याच्या वहीत सही त्याचा यजमान, हा इथला कायदा. पण वही घरी असते आणि नावं स्टेशनवर कानावर पडतात.
जाता जाता लल्लन : "का भइया, पाटी बड़ी सुंदर लिखे हो."
संक्रांतीपासून हातची गेलेली ही तिसरी मंडळी.

सोम. २
काका जेवायला बसले. मग आईसमोरच : "घरात कुणीतरी कान बसवलेत. फोन आला, वही उघडली, नावं वाचली, की ती लल्लनच्या तोंडी. तू मेकॅनिक ना? बारावीला नापास होऊन तेवढंच शिकलास ना? मग शोध." शिवरात्रीपर्यंत मुदत. नाही सापडलं तर "तू आणि वहिनी आपली सोय बघा."
आई ताट उचलून आत गेली. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं आम्ही इथेच. फोन घेणं, चिठ्ठी लिहिणं, स्टेशनवर जाणं, तिन्ही कामं माझी. म्हणजे कान कोणाचे ते त्यांनी...

बुध. ४
गद्दीच्या खोलीत, जिथे काकांची बैठक, फोन आणि वही, ट्रान्झिस्टर फिरवला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत, केसाकेसाने. लपवलेला माइक जवळ असला की रेडिओ शिटी मारतो. मारली नाही. फोन उघडला, स्विचबोर्ड उघडले, वहीचं कपाट पुढे ओढलं. एक मेलेली पाल.
काकांचा मुलगा विनूदादा दारात : "का हो जासूस, कुछ मिला?"

शनि. ७
मी काम करतो त्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात उस्तादांना विचारलं. चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "बेटा, चोर अब ऊपर की मंज़िल पर रहता है." नेपाळहून येणारी नवी यंत्रं दोन हजार मेगाहर्ट्झच्या वर बोलतात. तिथे रेडिओ बहिरा, टीव्हीही बहिरा. डिशचा रिसीव्हर साडेनऊशे ते साडेचौदाशे ऐकतो. म्हणून मध्ये डाउनकन्व्हर्टर लावायचा. तो वरचं खाली उतरवून देतो : २४०० वजा १३००, ११००. एवढं गणित मला येतं.
दिल्लीचा पत्ता दिला. डिशच्या कामाचे साठवलेले सगळे पैसे मनीऑर्डरने गेले.

शनि. १४
आला. दोन काडेपेट्यांएवढा. तुपाच्या रिकाम्या डब्यात तांब्याची तार उभी करून ॲन्टेना केला. कथलाचे डाग दिले, पुसले, परत दिले. आई म्हणाली, "तुपाचा वास येतोय रे याला." राहू दे.

रवि. १५
काका अन्नपूर्णेच्या देवळात, दादा बाहेर जातो म्हणून गेलेला. गद्दीच्या खोलीत रिसीव्हर आणि लहान टीव्ही मांडला. डबा भिंतीवरून हळूहळू फिरवत नेला. खिडकी, काही नाही. वहीचं कपाट, काही नाही. फोनच्या वरच्या फळीकडे वळवला आणि पडद्यावरच्या मुंग्या थांबल्या.
टीव्हीत एक खोली. फोन, चिठ्ठ्यांचं पॅड, माझी खुर्ची. खुर्चीमागे एक माणूस हातात डबा धरून. मी मान वळवली, त्यानेही वळवली.
फळीवर स्टॅबिलायझर आहे. दिवाळीत दादाने नेपाळच्या सीमेवरून, रक्सौलहून आणला, प्लग मीच लावला होता. लाल दिव्याशेजारी आणखी एक भोक आहे, दिवा नसलेलं. काकांची गद्दी चित्रात येत नाही. कपाट येत नाही. फक्त माझी खुर्ची.
हात लावला नाही. सगळं आवरलं, फळीवरची धूळसुद्धा तशीच ठेवली.

सोम. १६
काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. काकाच संध्या करता करता : "काल तो डबा घेऊन काय नाचत होतास?"
काल त्या वेळी ते देवळात होते. म्हणजे दादाने टेप करून दाखवलं. दाखवलं म्हणजे त्यांना माहीत होतं. मला कान शोधायला लावून हे लोक वर बसून मला बघत होते.
म्हणालो, "काही सापडलं नाही." पहिलं खोटं.
आता फोन घेताना हात कुठे ठेवावा कळत नाही. खाजवलं तरी वाटतं, खूण केली म्हणतील.

गुरु. १९, पहाटे
काकांचा गुडघा धरला. आधाराला मी शिंदे घाटावर. एरवी ते एकटेच जातात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून येणाऱ्या यजमानांची नावं गंगेला सांगतात, गाव, गोत्र, चार पिढ्यांसकट. पणजोबांपासूनची रीत. मला लहानपणापासून माहीत. कधी विचार केला नाही.
काकांचा आवाज म्हणजे भरल्या मंडपातला, खणखणीत. दोन पायऱ्या खाली लल्लन साबण लावत होता. बोटांची पेरं मोजत होता, ओठ हलत होते.
आणि मी दिल्लीहून कन्व्हर्टर मागवतो.

शुक्र. २०
धीर करून म्हटलं, "काका, घाटावर नावं जरा हळू घ्या. खाली लल्लन असतो."
"पणजोबांपासून ऐकतेय ती. आता काय, गंगेला कमी ऐकू यायला लागलं?"
दादा हसला. काका नाही हसले. "स्वतःवर आलं म्हणून आता गंगामाई फितूर? शाबास."

शनि. २१
संध्याकाळी निकाल. उद्या साताऱ्याची मंडळी येणार. फोन दादाने घेतला, मला खोलीबाहेर बसवलं. स्टेशनवरही दादा जाणार. "तू पहाटे माझ्याबरोबर घाटावर. मंडळी नीट घरी आली, तर इतके दिवस कोण सांगत होतं ते उघड झालं. बुधवारी शिवरात्र. मग इथे राहायचं नाही."
आणि नाही आली तर? ते कुणी बोललं नाही.
मंडळी लल्लनने न्यावी अशी इच्छा करतोय. याच घराचं अन्न खाऊन. आईला सांगितलं नाही. ती ट्रंक झाडत होती.

रवि. २२, स. ६-२५, शिंदे घाट
चिठ्ठ्यांच्या पॅडवर लिहितोय. दाट धुकं, गाडी लेट असणार. मी काकांचं कोपर धरून पाण्यात होतो. लल्लन त्याच्या पायरीवर. काकांनी हात जोडले आणि नावं पुटपुटली. आयुष्यात पहिल्यांदा. माझं ऐकलं त्यांनी.
कोपराशी होतो म्हणून मला सगळी ऐकू आली, चारही पिढ्या. लल्लनला नसावीत. म्हणजे मंडळी नीट घरी येणार.
काका दर्शनाला वर गेले. "धोतर पिळून ठेव. येतोच."
लल्लन अंग पुसत वर आला. "का भइया, पंडितजी का गला बैठ गया? आज कौन आवत हैं?"
मी धोतर पिळतोय असं दाखवलं. पिळून झालं. झटकलं, परत पिळलं. तो गेला नाही. विडी पेटवून शेजारच्या पायरीवर बसलाय, घाई नाही त्याला. काका अजून आलेले नाहीत. नावं मला पाठ आहेत.