बाबांच्या यंत्राचा आकडा

सोमवार
एकदाची नोकरी सुरू झाली. श्वास देणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. बाबांच्या उशाशी आहे तेच यंत्र. खुर्ची खिडकीपाशी, चहा पाणचट, आणि साहेबांना पाठीमागे सगळे घाईसाहेब म्हणतात. यंत्रांत भरायच्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक नव्या पॅकेजला आवृत्तीचा क्रमांक द्यायचा, हे माझं काम. आधी लोक हाताने टाकायचे आणि विसरायचे. मी तो आपोआप पडेल असं केलं: सगळ्यांत मोठा क्रमांक शोधायचा, त्यात एक मिळवायचा. आज ४१ झाला. घरोघरची यंत्रं मोठा क्रमांक दिसला की पॅकेज स्वतःच उतरवून घेतात, क्षणभर थांबतात, पुन्हा सुरू होतात. घाईसाहेब खूश. बाबांना बोलता येत नाही, पण ऐकून डोळ्यांनी हसले.

बुधवार
सकाळी क्रमांक ४७. कोणीच कोडला हात लावलेला नाही. शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली, नवीन आहेस, तूच घोळ घातला असशील. सगळी पॅकेजं उघडून पाहिली. आत अक्षरही बदललेलं नाही, फक्त आकडा. घरी आई म्हणाली, यंत्र आज सारखं थबकतंय.

शुक्रवार
११२. पॅकेज बनवणारा सर्व्हर बंद केला, तरी वाढतोय. थबकणंही लांबतंय. बाबांचे ओठ निळे पडले. जुनं पॅकेज टाकून पाहिलं. यंत्र मागचा क्रमांक घेतच नाही. घाईसाहेब म्हणाले, सोमवारी बघू. दवाखान्यात फोन केला. तिथेही आमचीच यंत्रं, तीही थबकतायत.

शनिवार, सकाळ
घरचं नेट तोडलं. तरी २०६— कुठून येतंय?
एकच सुचतंय. केबल लावून हाताने ९९९९ टाकायचा. एवढ्या मोठ्या आकड्यापुढे काही येणार नाही, यंत्र शांत राहील. आई नको म्हणते. मी टाकतेय.

शनिवार
थांबलं. परत सुरू होत नाही. जेवढा आकडा मोठा तेवढं थांबणं लांब— डोळ्यांदेखत होतं, मला कळलं नाही. मीच केलं हे.
प्लग काढला. काळ्या पडद्यावर १००००.

हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा बाबांच्या तोंडावर धरलाय. आई रुग्णवाहिका आणायला खाली गेली. डाव्याने दाबतेय, उजव्याने डॉक्टरांना कळावं म्हणून लिहितेय, नंतर मला सांगता येईल की नाही—

आईचा फोन. गाडीतल्या यंत्रावरही १००००—

बाबा बघतायत. डावा हात भरून आलाय, फुगा नीट दाबला जात नाही. आता हा उजवाही