किल्ली लावलेला फोटो

दादा,

आईला घेऊन टिटवाळ्याला मावशीकडे चाललेय. मावशीला बरं नाही, असं आईला सांगितलंय. तूही तेच सांग.

पहाटे मी खाडीवर खंड्याचे फोटो काढायला गेलेले. तिकडे तिवरांच्या झाडीत डंपर चोरून भराव टाकत होता. मी फोटो काढला, पण रुचिताच्या हळदीपासून कॅमेरा ऑटोवरच राहिलेला. अंधारात फ्लॅश उडाला. दोघं ओरडत माझ्यामागे धावले. त्यांना चेहरा दिसला नसेल, पण कॅमेरा घेऊन खाडीवर कोण फिरतं ते अख्ख्या कोळीवाड्याला माहितीये. मघाशी एक बाइक दारासमोर उगाच थांबून गेली.

कॅमेरा तांदळाच्या डब्यात आहे. कोणी बघायला मागितला तर हळदीची तारीख निवडून स्लाइड शो लाव, पुढचं काही दिसणार नाही.

डंपरच्या फोटोला किल्लीची खूण लावलीये, म्हणजे चुकून डिलीट होणार नाही. तू एकटा असताना तो झूम करून बघ. आधी नंबरप्लेट दिसेल. मग उजवीकडे सरक. टॉर्च धरलेला माणूस पाठमोरा आहे, अंगात आपल्या गोविंदा पथकाचा टी-शर्ट. तसा टी-शर्ट सगळ्या पोरांकडे आहे, पण खांदा असा एका बाजूला पाडून कोण उभं राहतं रे?

परवाच तू म्हणालेलास, खाडीवर जाऊ नको, साप निघालेत.

किल्ली कशी काढतात ते तुला येतं. काढायच्या आधी मला फोन कर. आणि पहिलं हेच सांग, की तो तू नाहीस.

प्राप्ती