भट्टीवाल्यांचा उन्हाळा

नाना,

तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात हे मला परवा, मंगळवारी कळलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मंगळवारपासून मी रोज ठरल्या वेळी वर्ग घेते आहे, तीस-पस्तीस माणसांना श्वास घ्या, श्वास सोडा म्हणते आहे, आणि माझा स्वतःचा श्वास मात्र छातीत कुठेतरी अडकून बसलाय. आईला अजून काही बोलले नाही. ती विचारते, "तुला बरं नाही का?" मी म्हणते, "ऑक्टोबरचं ऊन बाधलं." तिला ते लगेच पटतं, कारण आपल्या घरात कुठलंही दुखणं तुम्ही आधी ऋतूवर ढकलायचात.

तुम्ही पाहिलं नाहीत, पण माझं गंगापूर रोडवर बरं चाललंय. वर्गाबाहेर पाटी आहे, 'ऋतूनुसार योगाभ्यास'. हल्ली सगळे टीव्हीसमोर बसून बाराही महिने कपालभाती करतात, मग शरदाच्या उन्हात पोटात आग पडली की माझ्याकडे येतात. मी त्यांना शीतली, चंद्रभेदन असे अंग थंड करणारे प्राणायाम शिकवते, सकाळी चमचाभर साजूक तूप घ्यायला सांगते, आणि थंडी पडली की सूर्यनमस्कार वाढवू म्हणते. लोक मला फार विद्वान समजतात. यातलं एक अक्षर माझं नाही. सगळं तुम्ही अंबडच्या समाजमंदिरात जे सांगायचात तेच आहे, फक्त मी त्याची फी घेते आणि तुम्ही घेत नव्हतात.

त्या समाजमंदिरात तुमचे दोन वर्ग होते. साडेपाचचा गावातल्या लोकांचा आणि साडेसातचा भट्टीवाल्यांचा, म्हणजे फाउंड्रीत लोखंड वितळवायच्या भट्टीवरची रात्रपाळी संपवून थेट येणाऱ्यांचा. तो उरकून तुम्ही नऊला कामावर जायचात. साडेपाचवाल्यांचा अभ्यास ऋतूप्रमाणे बदलायचा. वसंतात कफ काढायचा, उन्हाळ्यात अंग थंड ठेवायचं, पावसाळ्यात बेताबेतानं घ्यायचं, थंडीत मात्र चांगला घाम काढायचा. साडेसातवाल्यांना पौषातल्या कडाक्यातही तुम्ही उन्हाळ्याचाच क्रम द्यायचात. चार साधी आसनं, शीतली, आणि मग शवासन, त्यात निम्मे घोरायला लागायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. पुण्याला कॉलेजात जात होते, ऋतुचर्येची पुस्तकं वाचली होती आणि शिंगं फुटली होती. हेमंत-शिशिरात अग्नी बलवान असतो, व्यायाम जोरात करावा, हे मला पाठ होतं. मला वाटायचं, कामगार माणसं म्हणून तुम्ही त्यांची अशीतशी बोळवण करता. एकदा मी तसं तोंडावर बोललेही. तुम्ही म्हणालात, "ज्याच्या कपाळावर घाम येऊन वाळलाय, त्याचा व्यायाम झालेला असतो." मला ते उत्तर पळवाट वाटलं.

मग त्या जानेवारीत, मी सुट्टीत घरी आलेली असताना, नामपूरहून आत्या अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. निघताना पायात चपला सरकवत तुम्ही मला सांगितलंत, "दोन्ही वर्ग तू घे. साडेसातवाल्यांना नेहमीचंच दे." मी हो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचं दिलं नाही.

मला ती सकाळ दिसते. भट्टीवाले कानटोप्या घालून ओळीत उभे आहेत, डोळे तांबारलेले, भुवयांवर काजळी. मी सांगते, आज चोवीस सूर्यनमस्कार, मग भात्यासारखा जोरजोरात श्वास, म्हणजे भस्त्रिका. ते एकमेकांकडे बघतात, पण नानांची मुलगी सांगते आहे म्हणून सुरू करतात. सोळाव्याला एकजण धापा टाकत थांबतो. मी म्हणते, "थंडीत अंग चोरायचं नसतं, काका." तो पुन्हा सुरू करतो. विसाव्याला तो वर उठतो, त्याची झोकांडी जाते आणि दारातल्या दगडी पायरीवर तो खांदा आपटून पडतो. मी पाणी आणते. तो म्हणतो, "काय नाय ताई, चक्कर आली जरा." दोघं त्याला स्कूटरवर बसवून नेतात. माझ्या मनात जे पहिलं आलं ते हे, की आता वर्गाचा ताल बिघडला.

तुम्ही तिसऱ्या दिवशी परत आलात. मी स्वयंपाकघरात भाकरी खात होते. तुम्ही उभ्या उभ्या एवढंच विचारलंत, "तो कुठून आलाय, रात्रभर काय करून आलाय, हे विचारलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. मग तुम्ही हात धुतलेत, माझ्या भाकरीवर तूप घातलंत आणि बाहेर गेलात. दोन दिवसांनी मी पुण्याला गेले. मे महिन्यात आले तर दोन्ही वर्ग बंद. तुम्ही सांगितलंत, समाजमंदिरात आता अंगणवाडी भरते. अंगणवाडी भरत होती हे खरं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. उलट दिवाळीत सगळे जमले असताना मी म्हणाले, "नानांना कशातच चिकाटी नाही, इतका चांगला वर्ग मध्येच सोडून दिला." सगळे हसले. तुम्ही चकलीचा तुकडा मोडत म्हणालात, "हो, कंटाळा आला."

परवा एक नवीन गृहस्थ आले. साठीचे असतील, चांदवडकडचे, सध्या मुलाकडे राहतात. मी सगळ्यांना दोन्ही हात वर घ्यायला सांगितलं. त्यांचा उजवा हात खांद्याच्या पातळीशी थांबला. मी जवळ जाऊन म्हटलं, "अजून थोडा वर घ्या." ते हसले. "हा नाय जात, ताई. तुमच्याच समाजमंदिराच्या पायरीवर मोडलेला हाय." मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी मला ओळखलं होतं, माझ्याकडे येतानाच.

वर्ग संपल्यावर ते बसले आणि सगळं सांगितलं, अगदी सहज, जणू मला माहीतच आहे. खांद्याचं हाड नीट जुळलं नाही. भट्टीवरचं काम सुटलं, गेटवर बसवलं. बाकीचे चिडले होते, पोरीला जाब विचारू म्हणत होते. "तवा नाना आले आन सगळ्यांसमोर हात जोडले. म्हणले, क्रम मीच लिहून दिलता, पोरगी माझंच वाचत व्हती. चुकलो तर मी. मग गावातले लय बोलले त्यांना. म्हणले, तुमचा योगबिग आता बास." आणि वर म्हणाले, "पण माणूस चांगला हो. वरीसभर रोज सांजच्याला घरी यायचे, तिळाच्या तेलानं खांदा चोळायचे. हा एवढा तरी वर जातो तो त्यांच्यामुळं." वर्षभर, नाना. आई म्हणायची, हे संध्याकाळचे कुठे उलथतात कोण जाणे, आणि मीही सुट्टीत आले की तिच्या सुरात सूर मिसळायचे.

मला तुमचा राग आलाय, हेही सांगते. मला एकदा जाब देऊ द्यायचा होतात. मी रडले असते, चार शिव्या खाल्ल्या असत्या, त्या माणसाचे पाय धरले असते, आणि मग कदाचित थोडी शहाणी झाले असते. तुम्ही मला साफ वाचवलंत आणि मी त्याच गुर्मीत माझा वर्ग वीस लोकांवरून तीस-पस्तीसवर नेला. मंगळवारपासून पाटीकडे बघवत नाही.

हे पत्र खरं तर त्या काकांना लिहायला हवं. उद्या सकाळी ते परत येणार आहेत. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही उलटून काही बोलत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. लिहून झालं की फाडून टाकीन, कारण घरात कुठेही ठेवलं तरी ते आईच्या हाती लागेल. फक्त एक गोष्ट उरली, ती तुमच्यापासून लपवून उपयोग नाही. निघताना ते काका पायरीवर थांबले आणि म्हणाले, "येवढा जाणता माणूस, भट्टीवाल्यांना सूर्यनमस्कार घालायला लावायचे नसतात हे त्यालाच कसं नाय उमगलं, ताई?" मला बोलायला भरपूर वेळ होता. ते उत्तराची वाट बघत उभे होते. मी म्हणाले, "हो ना. नाना तसे विसराळूच होते."