माझे हात, तिचा आवाज

१२ फेब्रु.
मोसंबीच्या टार्टचा धडा झाला एकदाचा. ज्वारीच्या पिठाची कड सारखी तुटत होती. थोडं गव्हाचं मिसळलं, लोणी एकदम थंडगार घेतलं, तव्हा कुठं उभी राह्यली. माधुरीनं मोबाईलवर शूट केलं. आमच्या प्रशिक्षण संस्थेत ती कॉम्प्युटर शिकवते, मी बेकरी. पोरांना घरी फोनवर बघून करता यावं, आपल्याकडच्या मालातून करता यावं, म्हणून हे सगळं. कल्पना माझी, पण तिच्याबिगर जमलं नसतं.
म्हणते, "ताई, तुम्ही घरच्यासारखं बोला. तेच गोड लागतं."

२१ फेब्रु.
बाजरी-गुळाची पेस्ट्री. गूळ पातळ झाला, परत केली. बदनापूरची गाडी चुकली. माधुरीनं स्कूटीवर घरापोतर सोडलं. ह्यांनी चहा केला. माधुरी मोठी बहीण म्हणती मला.

५ मार्च
संस्थेच्या हॉलमधे कार्यक्रम. धडे पडद्यावर.
हात माझे. मनगटावरचा भाजल्याचा डाग पण दिसला. आवाज माधुरीचा. शुद्ध, पुस्तकातल्यासारखा. शेवटी नाव: संकल्पना व सादरीकरण, माधुरी. माझं कुठंच न्हाई.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. का वाजवल्या कोण जाणे.

६ मार्च
गेले न्हाई. डोकं दुखतं सांगितलं. ह्यांना काही बोलले न्हाई. माधुरीचा फोन आल्ता, उचलला न्हाई.

७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत विचारलं. म्हणाली, बाहेरच्या जिल्ह्यातली पोरं पण बघणार, तुमची बोली त्यांना कळली नसती.
"मंग मला सांगायचं तरी."
"तुम्ही न्हाई म्हणल्या असत्या."
बराबर. न्हाईच म्हणले असते. म्हणूनच तिनं सांगितलं न्हाई.
नावाचं विचारलं तर डब्याचं झाकण लावू लागली. मंग हळूच निघालं: हेच धडे दाखवून पुण्याच्या एका कॉलेजात नोकरीसाठी अर्ज केलाय. जानेवारीतच, पहिले धडे झाले तव्हा. म्हणजे दिवसा माझ्यासंगं भाकर खायची, आणि घरी गेली की माझ्या आवाजावर आपला आवाज चढवायची.
भांडले न्हाई. 

११ मार्च
ह्यांना सांगितलं शेवटी. म्हणाले, तुझ्या आवाजातल्या क्लिपा आहेत ना फोनमधे? टाक सगळ्यांना. आहेत. आज एक ऐकली. मधेच मी हसते, कॅमेऱ्यामागून ती पण हसते. पुढं ऐकवेना.

१६ मार्च
वर्गात पीठ मळू राह्यल्यात मुली. विचारतात, मॅडम, पुढचा धडा कवा? माधुरी मॅडमला विचारा, म्हणलं. तोंडातून गेलं. वाईट वाटलं दिवसभर.

२० मार्च
माधुरी घरी आल्ती. बसली न्हाई, दारातच उभी. म्हणाली, हात कोणाचे विचारलं म्हणून तुमचा नंबर दिलाय, पुण्याहून फोन येईल, धडे कोणाचे विचारतील. "सांभाळून घ्या ताई. घरात कमावती मी एकलीच आहे."
माफी न्हाई मागितली. मी वाट बघत होते. पाणी पिऊन गेली.

२३ मार्च
दुपारी आला फोन. बाई होत्या, नीट बोलत होत्या. म्हणाल्या, आम्हाला एवढंच सांगा, हे धडे नेमके कोणी केले?
मी म्हणलं, ओव्हनमधे माल आहे, घंटाभरानं करा.
ओव्हन बंद होता. घंटा होत आलाय.