नऊ ठिपक्यांची वही

रविवार, ९ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

अनेक आशीर्वाद. मी बरा आहे, तूही असशील असं धरून चालतो. पत्र बघून हसू नकोस. माझे फोन तू उचलत नाहीस, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. का नाही, ते पुढे येईलच.

दुकान चालू आहे. वकिलांचे कायद्याचे बत्तीस जाड खंड पुन्हा बांधायला आलेत, वाळवीने पाठी खाल्ल्यात. चिकटवायची खळ अजून घरीच शिजवतो. परवा करपली. तुझी आई असती तर म्हणाली असती, "पुस्तकं जोडा आणि माझी भांडी मोडा." गुडघा कुरकुरतो. गॅलरीतल्या कुंड्यांना आठवणीने पाणी घालतो, बहुतेक जास्तच घालतो. दोन झाडं गेली.

फोन पुन्हा अपडेट मागतोय. रोज सकाळी विचारतो, आत्ता की नंतर? मी 'नंतर' दाबतो. मागचंच अजून पचलेलं नाही. ऑगस्टमध्ये निघायच्या आदल्या दिवशी तू आम्हा दोघांचे फोन अपडेट करून दिलेस आणि तुझी पाठ वळताच घरात गोंधळ सुरू झाला. की-बोर्डवरची अक्षरं इकडची तिकडे गेली, 'ळ' तर फरारच झाला. लॉक स्क्रीनवरचं घड्याळ एवढं मोठं झालं की आई म्हणाली, "आता भिंतीवरचं उतरवून ठेवा." फोन उचलायची रीतही बदलली. आधी हिरवं बटण दाबायचं, आता ते वर सरकवायचं. मी दोन दिवस दाबतच बसलो होतो आणि गिऱ्हाइकं माझ्या नावाने बोंब मारत होती.

आई मला दुकानात फोन करायची. दिवसातून चारदा, पाचदा. "अहो, ळ कुठे गेला?" "अहो, हा आपोआपच शब्द घालतोय, याला गप्प कसं करू?" माझ्या एका हाताला खळ, दुसऱ्यात दोरा. सुरुवातीला नीट सांगायचो. मग खेकसायला लागलो.

मंगळवारी मावशी येऊन गेली. म्हणाली, पोरीला झोप नाही, धड जेवत नाही, म्हणते मीच आईला मारलं. मावशी गेल्यापासून हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आज फाडणार नाही.

आई गेली त्या दिवशी तू धावत आलीस, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात, सगळ्यांदेखत, मी तुला म्हणालो होतो, "फोन वाजत होता, पण तुझ्या त्या अपडेटने सगळं बदलून ठेवलं, मला उचलताच आला नाही. तू हात लावला नसतास तर आई आज असती." चौथ्या दिवशी बॅग उचललीस आणि गेलीस.

ठकू, ते खोटं होतं.

फोन उचलायला मला तोवर चांगलं येत होतं. त्या सकाळीच तीन गिऱ्हाइकांचे उचलले होते. सव्वाअकराला आईचा आला. माझे हात कोरडे होते. तिचं नाव दिसलं आणि मनात म्हटलं, आली पुन्हा ळ शोधत. बाजूचं बटण दाबून आवाज बंद केला आणि फोन उपडा ठेवला. मग एका पुस्तकाची पाठ चिकटवून दाबाखाली घातली. छान बसली. वीस मिनिटांनी फोन सुलटा केला तर तिचे तीन कॉल येऊन गेलेले. मी लावला, तिने उचलला नाही. घरी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात खाली पडलेली होती, फोन हातातच. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर.

जिन्यात जो तो विचारत होता, तुम्हाला फोन कसा नाही लागला? माझ्या तोंडून अपडेट निघून गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं. फक्त इथे चोरानेच न्याय केला, आणि फाशी दिली ती स्वतःच्या लेकीला. नंतर रोज वाटायचं सांगावं. पण तू फोन उचलत नव्हतीस, आणि खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं.

अजून एक. महिन्यापूर्वी तिच्या कपाटात एक वही मिळाली, उरलेल्या कागदांची मीच बांधून दिलेली, निळ्या कापडाची. पहिल्या पानावर नऊ ठिपके आणि त्यांवरून फिरणारी पेन्सिलची रेघ, म्हणजे तिच्या फोनचं लॉक. पुढे तारखा घालून लिहिलंय. 'फोन उचलणे: हिरवं वर सरकवा.' 'ळ: ल दाबून धरा.' शेवटची नोंद ऑगस्टमध्ये तू गेल्यानंतर सहाव्या दिवसाची. पुढे सगळी पानं कोरी. सहा दिवसांत बाईसाहेबांना सगळं यायला लागलं होतं. मग पुढचे अडीच आठवडे मला फोन कशाला?

ठिपके जोडून तिचा फोन उघडला. तुला लिहिलेला एक मेसेज तसाच पडून आहे, न पाठवलेला. जशाचा तसा उतरवतो:

"बाळ, मला आता सगळं जमतं. बाबांना सांगू नकोस. जमत नाही म्हटलं की चार शब्द बोलतात तरी. घरी आल्यावर पेपरात डोकं घालतात ते घालतात."

सगळे ळ जागच्या जागी आहेत.

मला तिची फार आठवण येते, ठकू. पेपर बंद केलाय.

तो मेसेज मी पाठवलेला नाही. आईने तुला लिहिलेलं शेवटचं, ते माझ्या अंगठ्याने जायला नको. तिचा फोन रोज चार्ज करून ठेवतो. तोही अपडेट मागतो, त्यालाही 'नंतर' म्हणतो. वही पत्रासोबत पाठवतोय. ये आणि 'पाठवा' तूच दाब. माझं तोंड बघायचं नसेल तर मी दिवसभर दुकानात असतो, किल्ली शेजारच्या बाईंकडे आहे. मावशीला खरं काय ते सांगितलंय. आता बाकीच्यांनाही एकेक करून सांगतोय.

तू काहीही केलं नाहीस.

ज्याने फोन उचलला नाही तो,
तुझा बाबा