निलीच्या नावाने

मी, देवजी गोविंद हरड, वय वर्षे एकोणसत्तर, पूर्वी शहापुरात टॉकीजचा ऑपरेटर, नंतर गावोगाव पिक्चर दाखवणारा, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र आज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत टाचला आहे. दाखल्यावर सही करताना डॉक्टर हसले. का हसले ते त्यांनी सांगितले नाही, पण हसले याची नोंद असू द्यावी. मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. या महिन्यात गोड बोलणारे तिघे येऊन गेले. त्यांना चहा दिला, कागद दाखवला नाही.

प्रत्येक पानाखाली माझी सही आहे. ओळ जिथे अर्धी राहिली तिथे मी शेवटपर्यंत रेघ मारली आहे. पुढे कधी रेघेच्या जागी अक्षरे दिसली, तर ती माझी नव्हेत. याआधी केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. किन्हवली येथील माझे राहते घर, अंगण व मागची विहीर मी माझा मुलगा अमोल याला देत आहे. तो वाशिंदला कारखान्यात नोकरीला आहे आणि तिथेच राहतो. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पुतण्या भगीरथचा गोठा, दक्षिणेला ओढा. उत्तरेला जे कुंपण आहे ते दरवर्षी पावसाळ्यानंतर एक हात माझ्याकडे सरकलेले असते, ते अमोलने दोरी लावून मोजावे. घर विकायचे की ठेवायचे हे त्याने ठरवावे. पण बंगल्यांच्या प्लॉटवाला जो माणूस पांढरी गाडी घेऊन येतो त्याच्यासमोर ठरवू नये.

कलम २. बँकेतील शिल्लक सून संजीवनी हिला. पासबुक कुठे आहे ते तिला ठाऊक आहे. मी कधीही सांगितले नव्हते, तरी ठाऊक आहे.

कलम ३. माझे पिक्चर दाखवण्याचे मशीन, दोन स्पीकर, माईक आणि माझी पत्नी कैलासवासी हिराबाई हिने शिवलेला मांजरपाटाचा पडदा, हे सर्व मी लहानी वाळकू शिद, राहणार बोरमाळ वाडी, तालुका मुरबाड, हिला देत आहे. ती माझी नातेवाईक नाही, जातभाई नाही. हे कलम सगळ्यांत आधी कोर्टात ओढले जाणार याची मला खात्री आहे, म्हणून कारण पूर्ण लिहितो.

टॉकीज बंद पडल्यावर मी स्वतःचे मशीन घेतले. शहापूर आणि मुरबाडच्या वाड्यांत दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्री लावायची आणि पिक्चर लावायचा. पिक्चर हिंदीतले. म्हाताऱ्यांना ते भराभर बोलणे झेपत नसे. म्हणून मी पिक्चरचा आवाज बारीक करून माईकवर आपल्या बोलीत सांगू लागलो. बाई बोलली की बाईचा आवाज, राक्षस बोलला की राक्षसाचा. लोक पिक्चरपेक्षा माझे बोलणे ऐकायला येत, असे मी म्हणत नाही. हिराबाई म्हणत असे.

सगळ्यांत जास्त चालला तो ‘दूरतारा’. परदेशी पिक्चर, हिंदी आवाज घातलेला, दोन-चार वर्षांनी एक नवा भाग. एक ग्रह पाण्याखाली जातो, त्यावरची उरलेली माणसे एका मोडक्या जहाजात बसून नवी जागा शोधत आकाशात फिरतात. जहाजाचा एक कप्तान, आणि जहाज हाकणारी त्याची धाकटी बहीण, निली. बोरमाळ वाडी स्वतःच धरणात गेलेल्या गावातून उठून डोंगराखाली बसलेली. त्यांना ही गोष्ट समजवावी लागली नाही. वाडीतला बुधू पारधी पहिल्याच भागात उभा राहून म्हणाला होता, “त्यांना बी प्लॉट खडकातच देतील, बघा.”

लहानीची धाकटी मुलगी रुपाली निलीसाठी वेडी होती. निलीसारखी एका कानावरून वेणी घालायची. २०१७ च्या पावसाळ्यात ती तापाने फणफणली. ओढ्याला पूर होता, दवाखान्याची गाडी पलीकडे अडकली. झोळीतून नेईपर्यंत पोर गेली. चौदा वर्षांची होती.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी वाडीत तिसरा भाग घेऊन गेलो. मी तो आधी बघितला नव्हता, ही माझी चूक. लहानी रुपालीच्या मरणानंतर पहिल्यांदाच चार माणसांत येऊन पुढे बसली होती. पिक्चर शेवटाला आला आणि मला दिसले की निली मरणार. जहाजाला भोक पडले होते, ती ते आतून बंद करत होती आणि बाहेरचा दरवाजा मिटत होता. मी वायर ओढली. म्हटले, वीज गेली. मग अंधारातच माईकशिवाय शेवट सांगितला. निली जखमी झाली, तिला लांबच्या ताऱ्यावर उपचाराला नेले.

लहानीने विचारले, “परत येल का ती?”

मी म्हणालो, “येल.”

चौथ्या भागात निली नव्हतीच. पण कप्तान खिडकीशी उभा राहिला की मी बारीक आवाजात निलीचा निरोप सांगायचो. दादा, इथे भाताला दोन वेळा कणसं येतात. दादा, इथल्या बायका मला हसतात, माझी वेणी वाकडी म्हणून. पिक्चरात यातले काहीही नाही. वाडीने चौथा भाग माझ्याकडून नऊ वेळा लावून घेतला.

माझा पुतण्या भगीरथ याला हे सहन होत नसे. तो ‘दूरतारा’चे सगळे भाग खाली इंग्रजी अक्षरे येतात तसे बघतो आणि मोबाइलवर त्याचा हजारभर माणसांचा ग्रुप आहे. “काका, तुमी पिक्चरचा खून करता,” असे तो मला भर लग्नात म्हणाला होता. ते मी विसरलेलो नाही.

मागच्या मे महिन्यात पाचवा भाग आला. हा भाग काळा आहे, दुसरा शब्द मला सापडत नाही. कप्तान बहिणीच्या दुःखाने आतून जळून गेला आहे. शत्रूचे जहाज त्याच्या हाती लागते. त्यात बायका-पोरे आहेत, हे त्याला माहीत आहे, तरी तो त्या जहाजाची हवा बंद करतो. खटका ओढताना म्हणतो, “हे निलीसाठी.”

कल्याणला थिएटरबाहेर पोरांनी कप्तानाचे चित्र असलेले टीशर्ट काढून पायऱ्यांवर टाकले, असे भगीरथने सांगितले. भगीरथ सांगतो त्यातले निम्मे धरावे. पण त्याच्या ग्रुपात दोन तट पडले हे मी डोळ्यांनी वाचले. एक तट म्हणे, कंपनीने कप्तान विकला. दुसरा म्हणे, आता कुठे पिक्चर मोठ्या माणसांचा झाला. भगीरथ दुसऱ्या तटात.

अमोल वाशिंदहून मुद्दाम आला. म्हणाला, “बाबा, हा भाग बोरमाळला लावू नका.”

मी विचारले, “का?”

“लहानी मावशी हाय तिथे. नका लावू.”

मला वाटले, हा माझा धंदा बंद पाडतो आहे. धंदा बंद झाला की म्हातारा वाशिंदला येईल, म्हातारा वाशिंदला आला की घर मोकळे, आणि पांढरी गाडी दारात. मी त्याला म्हणालो, “तुला कोणी पाठवला?” तो जेवला नाही, तसाच शेवटच्या एसटीने परत गेला.

दसऱ्यानंतर मी बोरमाळला पाचवा भाग लावला. मनात ठरवून गेलो होतो की निलीची कबर दिसेल तिथे काहीतरी दुसरे सांगायचे आणि खटक्याच्या वेळी कप्तानाला गप्प ठेवायचे. इतकी वर्षे केले, तेच करायचे. पण पिक्चर सुरू झाला आणि मागच्या भिंतीला टेकून भगीरथ उभा दिसला. मोबाइल वर धरलेला. मला एकदम पटले की अमोलनेच त्याला पाठवला, माझे खोटे पकडायला. मी ठरवले, आज एक अक्षर इकडचे तिकडे करायचे नाही.

कबर आली. कबरीवर निलीचा चेहरा कोरलेला. मी सांगितले, ही निलीची कबर. लोक चुळबुळले. बुधू म्हणाला, “ह्यो आपला कप्तान नायच. त्याला निलीचे निरोप येतात. ह्यो डुप्लिकेट हाय. खऱ्याला कुठंतरी कोंडून ठेवलाय.” दोघेतिघे म्हणाले, खरं हाय. मग तो खटका आला. पडद्यावर पोरे काचेला हात लावून उभी. मी माईक तोंडाजवळ धरला आणि कप्तानाच्या आवाजात, जितका भरदार काढता येईल तितका काढून म्हणालो, “हे निलीसाठी.”

लहानी उठली. “बंद कर.”

मी बंद केले.

“कदी मेली ती?”

“तिसऱ्या भागात.”

तिने बोटांवर मोजले. “आठ वरसं,” एवढेच म्हणाली आणि गेली. तिच्यामागून सगळी वाडी गेली. पडदा मी एकट्याने काढला.

भगीरथने ते मोबाइलवर टाकले. लहानी उभी राहून ‘बंद कर’ म्हणते, एवढाच तुकडा. तो कुठच्या कुठे गेला. पाचव्या भागावर चिडलेली कोण कुठली माणसे लिहू लागली, ही बाई आमच्या मनातले बोलली, ही खरी चाहती, हिला कंपनीच्या दारात नेऊन उभी करा. कोणी तिचे चित्रसुद्धा काढले. तिच्या घरातून कोण गेले होते हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हते. अमोलने मला हे फोनवर वाचून दाखवले.

पाठोपाठ तीन वाड्यांनी माझा पिक्चर रद्द केला. माझ्या भिंतीवर कोणी कोळशाने ‘खोटा देवजी’ लिहिले. मी चौघांवर संशय धरला आणि चौघांशी बोलणे सोडले.

दिवाळीनंतर लहानी आली. मुरबाडला एसटी बदलून आली होती. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. मी आधीच बोलू लागलो. मी तुझ्यासाठी खोटे बोललो, तुला त्रास नको म्हणून.

“मेली ते मेली,” ती म्हणाली. “पोरी मरतात. ते तू मला सांगशील? निरोप सांगायचास ते मला गोड लागायचे, मी ऐकायची. त्याचा राग नाय.”

“मग?”

“तिच्या नावानं पोरं मारलीस.”

“मी नाय गो. पिक्चरमधल्या कप्तानाने.”

“आवाज कुणाचा व्हता?”

तिने पुढे विचारले, “आठ वरसं बदलत आलास, तवा का नाय बदललंस?” मी भगीरथचे सांगितले, मोबाइलचे सांगितले, अमोलने पाठवला असे सांगितले.

ती म्हणाली, “भगीरथला मी बोलावला व्हता. माझ्या नातवाला त्याचा मोबाइल बघायचा व्हता, म्हणून.”

हे मी इथे जसेच्या तसे लिहितो, कारण ते मला लिहायला जड जात आहे.

डिसेंबरात आम्ही बोरमाळला पाचवा भाग पुन्हा लावला. अट तिची होती. ती माझ्या शेजारी खाली बसली. मी कबरीला कबर म्हटले. खटक्याची वेळ आली तेव्हा मी थांबलो आणि तिने माझ्या हातातला माईक घेतला. तिला माईक कसा धरायचा ते माहीत नव्हते, तिने तो हनुवटीला टेकवला. म्हणाली, “दादा, माझ्या नावानं नको.” पडद्यावर कप्तानाने खटका ओढला. तो ओढणारच होता, पिक्चर तसाच आहे. ती पुन्हा म्हणाली, “नको म्हटलं ना मी.” आणि माईक माझ्या मांडीवर ठेवला.

मग बुधू म्हणाला, “बहीण सांगत असून वढला त्यानं. आता ह्यो खराच कप्तान, नि आता मी त्याला वळखत नाय.” तेव्हापासून वाडीत रोज भांडण आहे. निम्मे म्हणतात सहाव्यात कप्तान सुधारेल, निम्मे म्हणतात त्याला जहाजावरून उतरवा. कोणीही पिक्चर रद्द करा म्हणत नाही.

म्हणून मशीन, स्पीकर, माईक व पडदा लहानीला. सहावा भाग येईल तेव्हा मी असेन किंवा नसेन. तिने काय सांगावे आणि काय बदलावे यावर माझी, अमोलची किंवा भगीरथच्या ग्रुपाची कोणतीही अट नाही.

कलम ४. अमोलने मला पाचव्या भागाबाबत सांगितले ते माझ्या भल्याचे होते, हे मी मान्य करतो. त्याच्यावर घेतलेला तेवढा संशय मी मागे घेतो. मागच्या दोन मृत्युपत्रांत मी त्याला घर दिले नव्हते, या मृत्युपत्रात दिले, याचे कारण हेच. पांढऱ्या गाडीबाबतचा संशय कायम आहे. त्याने एकदा येऊन जेवून जावे, हे मी त्याला तोंडाने सांगू शकलो नाही.

कलम ५. भगीरथला मी माझी ‘दूरतारा’ची वही देत आहे. तिच्यात कोणत्या ठिकाणी मी काय बदलले ते सर्व लिहिले आहे. त्याने ती ग्रुपावर टाकावी आणि माझ्या नावाने हवे तितके हसावे. पण शेवटची आठ पाने, निलीचे निरोप, त्याने आधी एकट्याने वाचावीत.

कलम ६. या कागदाचा अंमल चंद्रकला विशे, निवृत्त बालवाडी शिक्षिका, किन्हवली, यांनी करावा. त्या माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर ठेवतो.

साक्षीदारांपैकी बुधू पारधी यांना लिहिता-वाचता येत नाही. मी त्यांना हा कागद वाचून दाखवू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “तू नको वाचूस. तू वाचलंस तर नसलेलं बी वाचशील.” म्हणून चंद्रकलाबाईंनी तो पहिल्यापासून मोठ्याने वाचला, मी ओट्यावर गप्प बसून ऐकला. वाचून झाल्यावर बुधू यांनी मला विचारले, “येवढंच हाय ना? मनात काय वेगळं नाय?” मी म्हणालो, “येवढंच हाय.” ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी अंगठा शाईत बुडवला.

वर लिहिले ते माझे आहे, आणि खरे आहे.

(सही) देवजी गोविंद हरड

साक्षीदार :
१. (अंगठा) बुधू कमळू पारधी, बोरमाळ वाडी, तालुका मुरबाड
२. (सही) चंद्रकला विशे, किन्हवली, तालुका शहापूर. कागद मी वाचला. वाचताना एक शब्दही बदलला नाही.

ठिकाण : किन्हवली
दिनांक : १२ जानेवारी २०२६